ताईचा सूर आणि कावळ्याचे पीस

मी एक जुना हार्पसिकॉर्ड आहे, मित्रांनो. पियानोचा पणजोबाच म्हणा. पियानोच्या तारांवर हातोड्या पडतात. माझ्या तारांना पिसांचे टोकदार तुकडे छेडतात. एका पट्टीला एक तुकडा, आणि तोही कावळ्याच्या पिसाचा.

मला घडवायला सुताराला सात वर्षे लागली. शेवटच्या दिवशी त्याची दाढी माझ्या झाकणात अडकली, ती कापूनच त्याला सोडवावे लागले. माझा सूर इतका मऊ आहे तो त्या दाढीमुळे.

पुढे पियानो आला आणि माझी रवानगी एका शाळेच्या अडगळीत झाली. झाकणावर कुंड्या आल्या. पोटात उंदरांच्या नऊ पिढ्या वाढल्या. नववी तर सुरात चिरकत असे.

तिथून मला एका वादकाने उचलून आणले. जुने संगीत जुन्याच पद्धतीने वाजले पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्याची थोरली बहीण गात असे. आजारपणात तिचा आवाज बसला होता. दोन वर्षांनी ती एका दुपारच्या कार्यक्रमात पुन्हा गायला उभी राहणार होती, आणि यापुढे गायचे की कायमचे थांबायचे, हे त्याच दुपारी ठरणार होते.

कार्यक्रमाला तासभर उरला असताना नेमके तिच्या आधारसुराचे पीस मोडले. जादा पिसांची डबी वादक घरी विसरला होता.

"प्लास्टिकचं लाव ना रे," ताई म्हणाली.

"तीनशे वर्षांपूर्वी प्लास्टिक होतं का, ताई?"

"नव्हतं. पण लोक डबी घरी विसरत नसत."

वादक पाव घेऊन बागेत धावला आणि थेट पिल्लांच्या घरट्याखाली जाऊन उभा राहिला. कावळ्यांनी पावही खाल्ला आणि टाळूही फोडली. तो रिकाम्या हाताने परतला.

"हरलो, ताई. लावतो प्लास्टिक."

ताईने त्याच्या विस्कटलेल्या केसांतून एक काळे पीस उपसले. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा तुझ्या डोक्यातून काही कामाचं निघालं."

त्याने ते तासून बसवले. मी सूर दिला. पहिली ओळ थरथरली, मी सूर धरून ठेवला. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज मोकळा झाला. तेवढ्यात खिडकीतून "काव" झाले.

"मूळ रचनेत आहे ते," एका जाणकाराने शेजाऱ्याला समजावले.

ताई अजून गाते. तेव्हा मित्रांनो, जुन्या वाद्यांवर कुंड्या ठेवू नका, आणि घरून निघताना डबी घेतली का ते पाहा. दर वेळी डोके कामी येईलच असे नाही.