बाबांची बदली

“ताई, एकदा हो म्हटलंत की मागे फिरता येणार नाही,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “नवी सिस्टिम टाकली की बाबांचा टायपिंगचा प्रोग्रॅम गेला. तो बनवणारी कंपनीच आता राहिली नाही.”

“मग दोन्ही ठेव ना.”

“हे मशीन एकच कसंबसं ओढेल. दुसरं घ्या.”

दुसरं घ्यायची ऐपत असती तर याच्याशी डोकेफोड कशाला करत बसले असते मी?

बाबा म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली त्यांनी. हल्ली त्यांना माझं नाव आठवत नाही, जेवल्याचं आठवत नाही. पण दहाच्या ठोक्याला खुर्चीत बसतात आणि त्या निळ्या पडद्यावर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ सुरू होतं, ते एक वाजेपर्यंत. बोट एकदाही चुकत नाही. ते तीन तास ते कोणाचं ओझं नसतात. खरं सांगते, माझंही नसतात.

एकनंतर त्याच मशीनवर मी विम्याचे अर्ज तपासते. ऑफिसने कळवलं होतं, सोमवारपासून जुन्या सिस्टिमवर काम बंद. जमत नसेल तर रोज ऑफिसला या. नवरा कायम फिरतीवर. मी बाहेर पडले तर बाबांजवळ कोण बसणार? म्हणजे बाबांसाठीच बाबांचं काढून घ्यायचं. आठ दिवस टाळाटाळ केली आणि शेवटी कॉम्प्युटरवाल्याला म्हटलं, “टाक एकदाची.”

सोमवारी दहाला बाबा बसले. मी मुद्दाम पडद्याला तोच निळा रंग लावून घेतला होता. पण माणूस विसरभोळा झाला म्हणून दूधखुळा होत नाही. दोन-चार बटणं दाबून त्यांनी हात मांडीवर ठेवले. आता चिडतील, म्हणून मी जवळ जाऊन उभी राहिले.

“माझी बदली झाली वाटतं,” ते हळूच म्हणाले.

मी “हो,” म्हटलं.

“चार्ज तुम्ही घेताय का, मॅडम?”

“हो.”

त्यांनी कोरा कागद मागितला. वळणदार अक्षरात ‘पदभार देणार’, ‘पदभार घेणार’ लिहून पहिल्याखाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. ‘पदभार घेणार’च्या खाली मी सही केली. चोरी केल्यासारखं वाटत होतं मला.

“आलेला कागद त्याच दिवशी नोंदवायचा. उद्यावर टाकायचा नाही,” खुर्ची नीट आत सरकवत ते म्हणाले. “बरं, मी आता घरी जातो.”

घरातच उभ्या असलेल्या माणसाला काय सांगणार? “चला, मी सोडते,” म्हटलं. दाराला कुलूप लावलं, त्यांचा हात धरून जिना उतरले, इमारतीला एक फेरी मारली आणि पुन्हा वर आलो.

दाराशी आल्यावर त्यांनी बेल वाजवली, रुमालाने तोंड पुसलं आणि दार उघडायची वाट बघत उभे राहिले. आत कोणीच नव्हतं. किल्ली माझ्या मुठीत होती. ती लावायला मी जरा वेळ घेतला.