डेझी फुलवणारे मिस्टर रिडाउट

हलिना पोलंडहून सॉमरसेटमधल्या त्या गावात आली आणि बेकरीच्या काउंटरवर उभी राहू लागली. तेव्हापासून तिचं इंग्रजी गिऱ्हाइकांच्या तोंडूनच वाढत होतं. त्यातले सगळ्यांत बडबडे क्लेमेंट रिडाउट. दर शनिवारी लार्डी केक न्यायला यायचे आणि तो बांधून होईपर्यंत काहीतरी नवं शिकवून जायचे. "आज अगदी डेझीसारखी टवटवीत दिसतेस," हे त्यांचंच.

पण हल्ली ते फिरकलेच नव्हते. हलिनाने बेरिल टूम्सबाईंना विचारलं. गावातली खडान्‌खडा बातमी बाईंकडे असायची.

"क्लेमेंट?" बाईंचा आवाज खाली आला. "तो आता डेझी फुलवतोय गं पोरी. चर्चमागे, बायकोशेजारी."

हलिनाला बरं वाटलं. घरात एकट्याने कुढत बसण्यापेक्षा बागकाम केव्हाही चांगलं. बाईंनी डोळे का पुसले, ते मात्र तिला कळेना. दुकान बंद झाल्यावर केक कागदात गुंडाळून ती चर्चमागच्या दफनभूमीकडे निघाली.

रिडाउट तिथेच होते. काठीवर रेलून गवत कापणाऱ्याशी हुज्जत घालत होते.

"बाकीचं खुशाल भादर, पण एवढा तुकडा सोड."

तो तुकडा म्हणजे त्यांच्या बायकोची कबर, पांढऱ्या डेझींनी गच्च भरलेली. दगडावर नाव होतं मार्गरेट. "नुसतं कागदोपत्री," रिडाउट म्हणाले. "अख्खं गाव तिला डेझीच म्हणायचं." गवतवाला तेवढा तुकडा सोडून यंत्र ढकलत पुढे गेला.

हलिनाने केक पुढे केला. "छान फुलवल्यात तुम्ही डेझी. बेरिलबाई म्हणाल्याच होत्या."

"काय म्हणाली? नेमकं सांग."

तिने शब्द न्‌ शब्द सांगितला. रिडाउट इतके हसले, की त्यांना बाकावर बसावं लागलं.

"अगं, माणूस मेला की आम्ही तसं म्हणतो. खाली आडवा पडून तो वर फुलं ढकलत असतो."

हलिनाने केक चटकन मागे घेतला. "म्हणजे मी मेलेल्या माणसासाठी केक आणला?"

"आणि त्याला भूकही लागलीय. दे इकडे." खाता खाता त्यांनी सांगितलं. खुब्याचं ऑपरेशन करून ते लेकीकडे राहिले होते, कालच परतले. वारला तो पलीकडच्या गावातला चुलतभाऊ, त्याचंही नाव क्लेमेंट; बेरिलने नुसतं नाव ऐकलं असणार. "नव्वदी गाठून सुखाने गेला बिचारा. चल, बेरिलला तोंड दाखवून येऊ."

बेरिलबाई पबमध्ये होत्या. लाकडी खुंट्या चेंडूने पाडायच्या खेळात त्यांचा संघ होता, त्याचा सराव चालला होता. रिडाउटना दारात बघून त्या मटकन बाकावर बसल्या.

"तू मेलायस," त्या म्हणाल्या.

"ऐकलं मी."

"दोन रुमाल भिजवले रे तुझ्यासाठी."

"आणि संघात माझ्या जागी तुझ्या भावाला घेतलंस."

"मग? संघ काय तुझ्यासाठी अडून बसणार होता?"

बेरिलबाईंच्या भावाने आपण होऊन चेंडू पुढे केला. त्याला मुळात खेळायचंच नव्हतं. पण रिडाउटना वाकता येईना. त्यांनी चेंडू हलिनाच्या हाती दिला.

"हिला येतं का?" बेरिलबाईंनी विचारलं.

"तुझ्यापेक्षा हिला ऐकलेलं तरी नीट सांगता येतं."

हलिनाने नेम धरून चेंडू घरंगळत सोडला. नऊपैकी तीन खुंट्या पडल्या. बेरिलबाई बाकावर जराशा सरकल्या आणि आपला सायडरचा ग्लास तिच्यापुढे करत म्हणाल्या, "गुरुवारी सामना आहे, पोरी. उशीर करू नकोस."