मामांच्या हातातला डाव

मी एक जुना डाव आहे, मित्रांनो. खेळातला नव्हे, वाढायचा. पितळेच्या अंगावर चांदीचा मुलामा आणि दांड्यावर कोरलेली द्राक्षांची वेल. शेवटचे पान कोरताना कारागिराला शिंक आली, म्हणून ते जरा तिरके आहे.

ज्या भोजनगृहात मी आयुष्य काढले, ते शंभर वर्षांहून जुने. उंच छत, भिंतभर आरसे, कडक इस्त्रीचे पांढरे टेबलपोस. तिथे कुणी रोज जेवायला येत नसे. लग्न ठरले, पदवी मिळाली, कुणी निवृत्त झाले की माणसे ठेवणीतले कपडे घालून येत आणि आत शिरताच आपोआप हळू बोलू लागत.

सूप पाहुण्यांच्या शेजारी उभे राहून वाढायचे, ही तिथली रीत. ते काम मामांचे. मामा म्हणजे आमचे मुख्य वाढपी. कुणाचे मामा ते कुणालाच ठाऊक नव्हते. मालकही त्यांना मामाच म्हणत. ते मला उंच धरत आणि सुपाची बारीक धार वाडग्यात अशी सोडत की आवाज होत नसे. "मामा, पुन्हा!" असे मुले ओरडली की माझ्यासारख्या पितळेलाही मूठभर मांस चढे. तीस वर्षांत टेबलपोसावर एक थेंब सांडला नाही.

मग एका दुपारी मला त्यांच्या बोटांत बारीकशी थरथर जाणवली. दुसऱ्या दिवशीही जाणवली. मामा मला अधिक घट्ट धरू लागले, पण थरथर वाढतच गेली.

माझ्यानंतर ती कळली आमच्या आचाऱ्याला. तो गुपचूप सूप दाट करू लागला. दाट सूप हिंदकळत नाही.

"अरे, हे सूप आहे की खळ?" मामा विचारत.

"बटाटा जास्त पडला, मामा. हात चुकला माझा."

चार महिने त्याचा हात रोज चुकत राहिला.

पुढे आचाऱ्याची बहीण आजारी पडली आणि तो आठवडाभर गावी गेला. बदली माणसाने सूप पातळ केले. त्याला कोण सांगणार? त्या दिवशी एका आजींचा ऐंशीवा वाढदिवस होता. मामांनी मला उचलले, हात हलला आणि सगळे सूप आजींच्या मांडीवर गेले. मी फरशीवर आपटलो. माझी मान वाकली.

"अहो, काही नाही झालं. कोमटच होतं," आजी म्हणाल्या.

पण त्यांचा मुलगा ताडकन उठला. "वाढता येत नाही, तर ठेवता कशाला असली माणसं?"

मामांनी आधी आजींना कोरडा रुमाल दिला, मग टेबल पुसले, मग मला उचलले. संध्याकाळी मालक हळूच म्हणाले, "मामा, आता घरी आराम करा." मामांनी पांढरे हातमोजे काढले, नीट घडी घातली आणि गेले. मला बूच काढायच्या स्क्रूंबरोबर एका खणात टाकले. वर्षभरात मी काळा पडलो.

एके दिवशी खण उघडला. आचारी मला घासत होता. "चल, आज मामा जेवायला येतायत. पाहुणे म्हणून!" मामांच्या लेकीने त्यांच्या वाढदिवसासाठी खिडकीजवळचे टेबल मागून घेतले होते.

मामा कोट घालून आले. तीस वर्षांत त्या खुर्च्यांवर ते कधी बसले नव्हते. कुणी आत आले की ते अर्धवट उठत.

"बाबा, बसा ना. आज तुम्ही पाहुणे आहात," लेक म्हणे.

आचाऱ्याने स्वतः येऊन मला हातात धरून सूप वाढले. मामांनी वाडग्याकडे पाहिले, पांढऱ्याशुभ्र टेबलपोसाकडे पाहिले आणि दोन्ही हात टेबलाखाली नेले.

"वास छान आलाय रे. पण मला भूक नाही."

सुपावर साय धरली. दोघे लवकरच उठले.

जाताना लेक मुदपाकखान्याच्या दाराशी आली. तिचे डोळे भरले होते. "घरी मी त्यांना कपातच देते. दोन्ही हातांनी धरून पितात. इथे कप मागायची मलाच लाज वाटली हो."

"अगं, सांगायचं ना!" आचारी कळवळला. "मला तरी कसं नाही सुचलं?"

तो मामांना पुन्हा बोलावणार होता. कपही बाजूला काढून ठेवला होता त्याने. पण दोन महिन्यांनी लेक एकटीच आली, मामा गेल्याचे सांगायला.

मित्रांनो, मला घासले नाही तर मी काळा पडेन, एवढेच. माझी काळजी करू नका. पण तुमच्या पंगतीत कुणी हात लपवून "भूक नाही" म्हणाले, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. उठा आणि चारचौघांदेखत त्यांच्यासाठी एक कप मागा.