न बोलता घेतलेली माघार

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वर्षभर लोकांच्या इमारतींत तेलाने बरबटलेले हात घेऊन फिरायचा, आणि थोडे दिवस गणवेश चढवून हवालदार व्हायचा. राखीव फौजेतला हवालदार. गल्लीतले लोक त्याच्या सुटलेल्या पोटाकडे बघून हसायचे. हसोत बापडे. तो ज्या टेकडीवर जायचा, तिथे त्या हसणाऱ्यांपैकी एकानेही पाऊल टाकलं नसतं.

टेकडी सरहद्दीवर होती. जुन्या लढाईत दोन्ही देशांनी तिच्या अंगात सुरुंग पेरून ठेवले होते. पेरणारे कधीच मेले, सुरुंग मात्र ठणठणीत. पुढे दोन्ही सरकारांना उपरती झाली आणि दोन्हीकडचे राखीव हवालदार आणि नाईक दरवर्षी मिळून टेकडी साफ करू लागले. सकाळी एका देशाची तुकडी, दुपारी दुसऱ्याची. साहेबमंडळी पायथ्याच्या तंबूत हात मिळवून फोटो काढून घेत.

घोडं एकाच गोष्टीवर अडायचं. साफ झालेल्या वाटेच्या कडेने लाल झेंडे रोवत जायचं, हे दोघांनाही मान्य होतं. पण याच्या देशात चढताना झेंड्यांच्या उजवीकडची वाट साफ, तर त्यांच्या देशात डावीकडची. त्यामुळे तुकडी बदलताना दोन्ही हवालदार समोरासमोर उभे राहून हातवारे करकरून एकमेकांना समजावत, मगच माणसं पुढे जात. गेल्या शिबिरात एकच पद्धत ठरवायला बैठक भरली. साहेबांनी देशाची शान, परंपरा असले मोठमोठे शब्द काढले, चहा गार झाला आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

पलीकडचा हवालदार घरी बेकरी चालवायचा. उंच, हाडकुळा माणूस, स्वतःचा पाव स्वतःच खात नसावा असा. दोघांना एकमेकांची भाषा मोडकीतोडकीच यायची, पण गट्टी अशी की विचारू नका. बैठकीनंतर बेकरीवाला तंबूबाहेर तोंड पाडून बसला होता. ते बघून लिफ्टवाल्याच्या मनात आलं, मरो ती उजवी बाजू, आपणच त्यांची पद्धत घेऊन टाकू. साहेबांना विचारलं तर जन्म जाईल. आणि बेकरीवाल्याला आधी सांगितलं तर तो संकोचेल. हवालदार लोकांची रीतच असते, मित्रासाठी माघार घ्यायची तर ती न बोलता घ्यायची.

म्हणून वर्षभर जमेल तेव्हा त्याने आपल्या तुकडीकडून डाव्या बाजूचा सराव करून घेतला. तुकडीत त्याचा मेहुणाही होता, बायकोचा एकुलता एक भाऊ. शाळेची बस चालवायचा आणि सगळ्यांना हसवायचा. "दाजी, वर्षभर पोरांना डाव्या बाजूनेच उतरवतो मी. मला काय शिकवता?" आई गेल्यावर बहिणीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. शिबिराला निघताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्याला पुढे घालू नका हं."

"मी आहे ना," तो म्हणाला. टेकडीवर पहिलं पाऊल नेहमी त्याचं स्वतःचंच असायचं, त्यामुळे यात खोटं काही नव्हतं.

पहिल्याच दुपारी लिफ्टवाला आपली तुकडी घेऊन पोचला, तेव्हा बेकरीवाल्याची तुकडी घामाघूम होऊन खाली उतरलेली होती. नेहमीसारखं समोरासमोर उभं राहून समजावायला हवं होतं. लिफ्टवाल्याला वाटलं, यंदा कशाला? आपली माणसं डावीकडून जाताना बघून गड्याला आपोआप कळेल. बेकरीवालाही काही बोलला नाही, नुसता गालात हसत उभा राहिला. मित्राचा चेहरा कसा खुलतो ते याला डोळे भरून बघायचं होतं. म्हणून तो बाजूला झाला आणि मेहुण्याला म्हणाला, "चल, आज तू हो पुढे."

मेहुण्याने त्याला ऐटीत सलाम ठोकला आणि झेंड्यांच्या डावीकडून चढू लागला.

बेकरीवाल्याचा चेहरा खुलला नाही. तो पांढराफटक पडला. दोन्ही हात वर करून, स्वतःच्या भाषेत काहीतरी ओरडत तो टेकडीकडे धावला. त्या शब्दांचा अर्थ लिफ्टवाल्याला लागायच्या आत जमीन उडाली.

मेहुणा इस्पितळात जिवंत पोचलाच नाही. तिथल्या बाकावर बेकरीवाला याच्या शेजारी बसला आणि हुंदके देत, शब्द शोधत सांगू लागला. त्यानेही वर्षभर आपल्या माणसांना शिकवलं होतं. उजवी बाजू, याच्या देशाची, आणि सकाळी झेंडेही त्याच हिशेबाने रोवले होते. त्यालाही आधी सांगायचं नव्हतं.

लिफ्टवाला ऐकत राहिला. त्याला रागही येईना. कुणावर धरायचा?

चौकशी झाली. पद्धत ठरलेलीच नव्हती, त्यामुळे नियम कुणी मोडलेला नव्हता. दोन्हीकडच्या साहेबांनी एकमेकांना दुखवटा कळवला आणि शिबिर कायमचं बंद केलं. उरलेले सुरुंग टेकडीतच राहिले.

बायको रडायची थांबली आणि मग बोलायचीही थांबली. बोलली की एकच, "त्यांनी मुद्दाम केलं ना? सांगा ना मला, त्यांनीच केलं ना?" हो म्हणायला त्याची जीभ कितीदा वळवळली. तिला कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या, त्यालाही घरात बसणं सोपं गेलं असतं. पण त्याच्याने हो म्हणवलं नाही.

मग एके दिवशी बेकरीवालाच दारात येऊन उभा राहिला, साध्या कपड्यांत, मान खाली घालून. हा कोण हे तिला सांगावं लागलं नाही. तिने त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि समोर बसून सगळं ऐकून घेतलं. त्याचे शब्द अडले की नवरा पुढचं सांगत होता. कुणी कुणासाठी काय केलं ते दोघांनी मिळून तिच्यापुढे मांडलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे तुमचं भांडण नव्हतं," ती म्हणाली.

"नाही गं."

"इतका जीव होता एकमेकांवर?"

नवऱ्याने मान डोलावली.

"थोडे भांडला असतात," ती म्हणाली, "वैऱ्यासारखे भांडला असतात, तर एकमेकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नसतंत. माझा भाऊ घरी आला असता."

बेकरीवाल्याला सगळे शब्द कळले नसतील. त्याने लिफ्टवाल्याकडे बघितलं, ती काय म्हणाली ते सांगशील का, अशा नजरेने. लिफ्टवाल्याने ते त्याला त्याच्या भाषेत, मोडकंतोडकं, शब्दन् शब्द सांगितलं. बेकरीवाल्याने मान हलवली, ग्लास खाली ठेवला आणि तो निघाला. त्याला सोडायला दारापर्यंत कुणी उठलं नाही.