धुऊन, पुसून, दार उघडून

माणूस ज्या दिवशी स्वतःचा मालक होतो, त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज येतं, असं म्हणतात. ड्रायव्हर स्वतःचा मालक झाला त्या सकाळी त्याच्या चेहऱ्यावर फेस होता. प्रेशर पंपाचा पाइप नोजलपाशी सुटला आणि त्याने मालकाला, मालकाच्या बायकोला आणि उद्घाटनासाठी इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या मेव्हण्याला कसलाही भेदभाव न करता भिजवलं. मधोमध उभी असलेली मेव्हण्याची गाडी तेवढी कोरडी राहिली.

"बंद करा आधी ते!" बायको ओरडली.

"बटण कुठलं?"

"मला काय विचारताय? तुम्हीच आणलंय ना?"

"आणलं तेव्हा ते बंद होतं."

त्याला सगळेच ड्रायव्हर म्हणत. खरं नाव लायसन्सवर होतं आणि तिथेच सुखात होतं. सव्वीस वर्षं त्याने एकाच साहेबांची एकच लांब काळी गाडी चालवली होती. म्हणजे गाड्या तीन बदलल्या, पण लांबी आणि रंग तोच राहिला. मग दोन महिन्यांपूर्वी कंपनीने ठरवलं, की यापुढे ड्रायव्हर एजन्सीकडून येतील. जुन्या लोकांनी एजन्सीचा फॉर्म भरावा आणि चाचणी द्यावी. फॉर्मात एक रकाना होता, 'अनुभव, असल्यास'. त्या 'असल्यास'कडे ड्रायव्हरने बराच वेळ पाहिलं. मग पेनाला टोपण लावून पेन परत केलं, त्याच्या शेजारी गाडीची किल्ली ठेवली आणि तो बसने घरी आला. साहेब तेव्हा मीटिंगमध्ये होते.

त्याला कामं दोनच येत होती. गाडी चालवणं आणि चालवण्याआधी ती धुणं. पहिलं काम आता कुणाच्या हुकमाखाली करायचं नाही असं ठरल्यावर दुसरं आपोआपच धंदा झालं.

जागा मेव्हण्याची होती, त्याच्या बंद पडलेल्या टायरच्या दुकानाची. "महिनाभर वापरा भाऊजी," तो म्हणाला होता. "शेवटच्या शनिवारी मी दिवसभर इथे बसून मोजणार. दहा गाड्या झाल्या तर जागा तुमची. नाहीतर फर्निचरवाला गोदामासाठी मागतोय. नात्यात नंतर कटकट नको."

ड्रायव्हरने पाटी लावली : 'गाडी धुऊन मिळेल. घाई असणाऱ्यांनी पुढे जावे.' ती वाचून पहिल्या तीन दिवसांत बरेच लोक पुढे गेले.

जे थांबले त्यांची गाडी तो तशीच धुवायचा, जशी साहेबांची धुवायचा. आधी टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारं, सगळ्यात शेवटी चाकं. चाकांची बादली वेगळी, चाकांचं फडकं वेगळं, आणि ते फडकं चुकून दाराला लागलं तर दार पुन्हा पहिल्यापासून. एका गाडीला दीड तास.

"दहा गाड्या म्हणजे पंधरा तास," मेव्हण्याने हिशेब मांडला. "जेवणार कधी?"

"नाही जेवणार."

पण घोटाळा वेळेचा नव्हता. घोटाळा पहिल्याच गिऱ्हाइकाला झाला. तो दातांचा डॉक्टर होता, फोनवर कुणाला तरी अक्कलदाढ काढायला राजी करत होता. गाडी धुऊन, पुसून झाली. ड्रायव्हरने अदबीने मागचं दार उघडलं, डोक्याला लागू नये म्हणून वरच्या कडेला हात धरला आणि नजर सरळ ठेवून उभा राहिला. डॉक्टर बोलता बोलता आत बसला. दार अलगद लागलं. ड्रायव्हर बादल्या विसळायला गेला. पाच मिनिटांनी गाडीतून आवाज आला.

"चला की!"

ड्रायव्हर आला. खिडकीशी वाकला. "कुठे?"

दोघांनी एकदमच पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. डॉक्टर उतरला, पुढे बसला आणि निघून गेला.

"अख्खी गल्ली हसतेय, भाऊजी," मेव्हणा संध्याकाळी म्हणाला. "गिऱ्हाईक स्वतः गाडी चालवत येतं. पुढचं दार उघडा, नाहीतर उघडूच नका."

"सव्वीस वर्षांत पुढचं दार मी दुसऱ्या कुणासाठी उघडलेलं नाही. हात तिकडे जातच नाही."

"मग हाताला समजावा."

"हाताला समजावलंय. तो म्हणतो, ज्यांना हसायचंय त्यांना हसू द्या."

बायकोने हसू आवरायला पाठ फिरवली.

आठवड्याने शाळेच्या हेडबाई आल्या. त्यांच्यासाठीही मागचंच दार उघडलं गेलं. त्या क्षणभर थबकल्या आणि सरळ आत जाऊन बसल्या. पर्स मांडीवर घेतली, डोकं मागे टेकवलं.

"अहो, इथे बरं वाटतं हो," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं झाली ही गाडी घेऊन. मागे कसं दिसतं ते मला आजच कळलं. मी दहा मिनिटं बसले तर चालेल?"

"बसा की."

"कुणी फोन केला तर?"

"सांगेन, बाई गाडीत आहेत. खोटं नाही ते."

दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी दोन शिक्षिका पाठवल्या. त्यांच्यामागून एक वकील आला, तो मागच्या सीटवर चक्क घोरला. मग जुळ्यांचा बाप आला. दार लागल्यावर त्याने आतून सगळ्या काचा वर केल्या आणि वीस मिनिटं नुसता समोर बघत बसला. तिसऱ्या आठवड्यात दातांचा डॉक्टरही परत आला. या वेळी त्याने फोन बंद करून खिशात ठेवला होता.

रांग लागायला लागली तशी बायकोने खडू घेतला आणि भिंतीवर नंबर लिहायला सुरुवात केली. "नंबर आल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही," तिने नवऱ्याला बजावलं. "कुणी का असेना." काचा आता ती पुसायची, त्यामुळे दीड तासाचा तास झाला. तरीही दिवसाला आठाच्या वर गाडी काही सरकत नव्हती.

शेवटच्या आठवड्यात कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. एजन्सीचे पाच ड्रायव्हर येऊन गेले होते, साहेबांना एकही पटला नव्हता.

"शनिवारी सकाळी आठला या. फॉर्म नाही, चाचणी नाही. साहेबांनी स्वतः सांगितलंय."

"शनिवारी जमणार नाही. नंबर लागलेत."

"कसले नंबर?"

"गाड्यांचे."

"हे बघा, शनिवारनंतर मी काही करू शकणार नाही."

"नका करू," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बायको सगळं ऐकत होती. "नाही म्हणालात?"

"हो."

"दहा गाड्या आजवर एकदाही झालेल्या नाहीत."

"माहितीय."

"बरं. मग ती चाकांची बादली इकडे द्या. शनिवारी चाकंही मीच घेते."

शनिवारी मेव्हणा सहालाच येऊन तिथल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसला. नात्यात कटकट नको म्हणून बहिणीने दिलेला चहासुद्धा त्याने घेतला नाही. दुपारी चारला नववी गाडी गेली आणि रस्ता रिकामा झाला. साडेचार वाजले. पाच वाजले. मेव्हण्याने फर्निचरवाल्याचा नंबर फोनवर काढून ठेवला.

तेवढ्यात फाटकातून ती आत आली. लांब, काळी, चाकं चिखलाने भरलेली, काचेवर वायपरने ओढलेले दोन कोरडे अर्धगोल. स्टिअरिंग घट्ट धरून साहेब स्वतः पुढे बसले होते.

"चल," काच खाली करून ते म्हणाले. "पुरे झालं हे."

"धुवायची आहे का, साहेब?"

"अरे, मी तुला न्यायला आलोय!"

"ते मी मॅनेजरसाहेबांना कळवलंय. धुवायची असेल तर नंबर दहा. खुर्ची तिकडे आहे."

मेव्हणा कुणी न सांगता उठून उभा राहिला. साहेबांनी गाडीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि बसले.

ड्रायव्हरने या गाडीला बायकोला हात लावू दिला नाही. टप, काचा, बॉनेट, दारं, चाकं. पुरा दीड तास. तेवढ्या वेळात साहेबांनी तीनदा घड्याळ पाहिलं, आणि तिन्ही वेळा त्याची दखल कुणी घेतली नाही.

गाडी चमकायला लागली तसे साहेब उठले, सवयीने मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि समोर बघू लागले.

ड्रायव्हरचा हात पुढे आला, मागच्या दारापाशी क्षणभर थांबला, आणि पुढे गेला. त्याने पुढचं दार उघडलं. वरच्या कडेला हात धरला.

"इथे?" साहेबांनी विचारलं.

"गाडी तुम्ही आणलीत, साहेब."

बायको पाण्याचा नळ बंद करायची विसरली. साहेब दोन पावलं चालले आणि पुढे बसले. दार अलगद लागलं.

"दहा," मेव्हणा मोठ्याने म्हणाला. भिंतीवर तो आकडा बायकोने एवढा मोठा काढला की खडू मोडला.

जागेला फाटक एकच होतं, तेही अरुंद, आणि साहेबांना रिव्हर्स येत नव्हता. तिसऱ्यांदा गाडी खांबाला टेकता टेकता राहिली तेव्हा ते उतरून मागे बसले. रस्त्यापर्यंत ती ड्रायव्हरनेच काढून दिली.