सहावा पुंजका

गळ्यावरच्या गाठीत सुई घालायची, निघालेल्या पेशी काचेवर पसरून रंगवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं, गाठ साधी की वाईट. डॉक्टरबाईंची सारी नोकरी यातच गेली. हात इतका हलका, की पेशंट विचारायचे, "झालंसुद्धा?" हे कौतुक मात्र बाईंना ऐकवत नसे.

नियम सरळ होता. पेशींचे किमान सहा पुंजके दिसले पाहिजेत, नाहीतर 'नमुना अपुरा' लिहून पुन्हा सुई घालायची. आठ वर्षांपूर्वी एका बाईच्या काचेवर पाचच सापडले. ती सुईला भलतीच घाबरलेली, "आता परत नको हो" म्हणून रडकुंडीला आलेली. डॉक्टरबाईंना दया आली. नको तिथे आली! काठावरच्या दोन-तीन चुकार पेशींना त्यांनी सहावा पुंजका म्हटलं आणि लिहून टाकलं, गाठ साधी आहे.

ती बाई दोन वर्षांत गेली. पण मायक्रोस्कोपमधून काही गेली नाही. कुठलीही काच लावा, काठाशी त्या दोन-तीन पेशी हजर. डॉक्टरबाई चष्मा पुसायच्या, काच बदलायच्या, तरी पेशी तिथेच. सांगणार कोणाला?

आज त्या बाईची मुलगी आली. हनुवटी आईचीच, गाठही तशीच डावीकडे. खांद्यांखाली उशी घेऊन ती आडवी झाली, "आवंढा गिळू नकोस" म्हटल्यावर डोळे मिटून निमूट पडून राहिली. सुई झाली. बाईंनी शेजारच्या खोलीत काच रंगवली, मोजायला बसल्या. पाच. आणि काठाशी त्या पेशी. या वेळी त्या काचेवर होत्या की आपल्याच डोळ्यांत, हे बाईंना कळेना.

"पुन्हा घालावी लागेल," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"आईला तर एकदाच घातली होती," मुलगी हसली. "शेवटपर्यंत तुमचं कौतुक करायची."

हो ला हो केलं असतं तर खपून गेलं असतं. बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या,

"तिलाही पुन्हा घालायला हवी होती. नमुना अपुरा होता. मी गाठ साधी लिहिली."

मुलगी उठली, पर्स उचलून दारापर्यंत गेली. "इथे सुई घालायला दुसरं कोणी आहे?"

"नाही."

तिने दार उघडलं, पुन्हा लावलं. मग परत येऊन आडवी झाली, मान मागे टाकली. डोळे मात्र तिने या वेळी मिटले नाहीत.