सहा हातांचं अंतर

कुंडलिकने चपला काढून पडवीच्या पायरीवर पाऊल ठेवलं, तोच खाटेवर बसलेल्या श्रीपतीने हात वर केला.

"तितंच बसा, कुंडलिकराव. वर येऊ नका."

कुंडलिकचा पाय पायरीवर तसाच राहिला. मित्र दवाखाना करून मुंबईहून आला हे कळताच तो पपया घेऊन मळ्यातून सायकलवर आला होता. श्रीपतीची कंबर धरते, एवढंच लासुर्णे गावाला ठाऊक होतं. त्याने पिशवी बाजूला ठेवली आणि तो खालच्या पायरीवर टेकला.

"कसं हाय आता?"

"बरं हाय."

भागुबाईने चहा आणला. नवऱ्याला कपबशी दिली, कुंडलिकसाठी पायरीवर स्टीलचा पेला ठेवला आणि ती आत गेली.

कुंडलिक पेल्याकडे बघत राहिला. लहानपणी श्रीपती त्याच्याकडे अभ्यासाला यायचा. त्याच्यासाठी वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असे. श्रीपती तो काढून अंगणात बसायचा, चहा प्यायचा, कप विसळून परत तिथेच ठेवायचा. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी धम्म घेतला आणि त्यानंतर तो कुंडलिकच्या घरी चहाला कधीच आला नाही. पुढे कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये दोघे तीस वर्षं शेजारी राबले, एका डब्यातली भाकरी खाल्ली. पण त्या कपाचं नाव कुणी काढलं नाही.

कुंडलिकने चहा सावकाश संपवला. उठून अंगणातल्या नळावर पेला विसळला आणि पायरीवर उपडा घातला.

"कुंडलिक!" श्रीपती खांबाला धरून उभा राहिला होता. तोंडातून 'राव' आलं नव्हतं. "ह्ये काय करतुयास?"

"ऱ्हाऊ दे, श्रीपती. माझी पाळी कवातरी यायचीच हुती."

 श्रीपतीने रस्त्याकडे पाहिलं, कुणी जातंय का ते बघितलं.

"तसलं न्हाय रं. मला कॅन्सर हाय. प्रोस्टेटचा. हाडात उतरलाय."

कुंडलिक पायरीवर बसला. घरातून श्रीपतीची मुलगी करुणा बाहेर आली. मुंबईच्या प्रयोगशाळेत ती कॅन्सरवरची औषधं तयार करायची. तिच्या हातात एक फिल्म होती. तिने ती उन्हाकडे धरली. माणसाचा सांगाडा दिसत होता आणि त्यावर काळे ठिपके.

"आबा," ती कुंडलिकला म्हणाली, "आमच्या दादांना सुई दिलीय. त्या औषधाला किरणं जोडलेली असतात. हाडातल्या दुखऱ्या जागा शोधून ते तिथंच जाऊन बसतं. हे ठिपके म्हणजे पोचलेलं औषध."

"म्हंजे चोर दावणार बी त्योच, आन हाणणार बी त्योच?"

"अगदी तसंच," करुणा हसली. "आता आम्ही पेप्टाइडं करून बघतोय. प्रथिनांचे बारके तुकडे असतात ते. हाडाला नाही, थेट गाठीच्या पेशीलाच जाऊन चिकटावेत असे. त्याला अजून अवकाश आहे."

"आन ह्यो लांब बसवायचा परकार?"

"अंगातनं थोडी किरणं बाहेर येतात. दादांची कपबशीही वेगळी ठेवलीय. घरात साक्षीवहिनीला दिवस गेलेत, म्हणून अजून तीन दिवस सहा हात अंतर. तुम्हाला घटकाभरानं काही होत नाही. पण दादा ऐकतात कुठं? काल पोस्टमनलासुद्धा फाटकाबाहेर उभं केलं."

कुंडलिक हसला, पण ते हसू लगेच ओसरलं.

"मग तुझ्या मनात त्यो कप न्हवता?"

श्रीपती परत खाटेवर टेकला.

"आज न्हवता," तो म्हणाला.

कुंडलिकने मान हलवली. धोतराचा सोगा नीट करत तो पायरी चढायला लागला.

"नगं, नगं. घरी नातवंडं हायत तुझ्या."

कुंडलिक थांबला. आजवर जे बोलायचं राहिलं होतं, ते त्याला इथेही नीट जमेना.

"मग तू ये. तीन दिस झालं की. अंगणात न्हाय, सैपाकघरात बसू. आमची प्रयागबाई च्या करंल."

श्रीपतीने फिल्म मुलीच्या हातून घेतली आणि त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"चालवंल का गं मला तितवर?"

"दुखणं उतरायला आठवडा जाईल म्हणालेत डॉक्टर."

"मग आठवड्यानं," श्रीपती कुंडलिकला म्हणाला. "आन वैनीला सांग, साखर बेतानं टाक म्हणावं."